खुर्ची आणि खिडकी

मराठी राजकीय कादंबरीचा विषय निघाला की अरुण साधूंचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते रास्तच आहे. ‘सिंहासन’ (१९७७) वाचताना मंत्रिमंडळातली कुजबूज आपल्याच कानाशी चालली आहे असे वाटते. पण कशेळीला एका स्नेह्यांकडे फराळाला बसलो असता त्यांच्या सूनबाईंनी सहज विचारले, “मुख्यमंत्री राहिला काय नि गेला काय, आमच्या दाराशी त्यानं काय फरक पडतो, ते त्या पुस्तकात कुठं आहे?” चकली हातातच राहिली.

कशेळीकरांना हे विचारण्याचा अधिकार आहे. ठाण्याहून खाडीचा पूल ओलांडला की हे गाव. कारभार ग्रामपंचायतीचा, पण जमिनीवर काय उठावे याचे नियोजन २००७ पासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे. त्याच वर्षी २६ जानेवारीपासून भिवंडीतले वीजवाटपाचे काम महावितरणने टोरंट कंपनीकडे सोपवले. तारा सरकारी कंपनीच्या, वसुली खाजगी कंपनीची. गळती त्यामुळे पुष्कळ घटली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सरपंच आपण निवडावा, आराखडा दुसऱ्याने आखावा, बिल तिसऱ्याने पाठवावे, अशा संसारात गाऱ्हाणे न्यावे कोणत्या उंबऱ्यावर? सत्तेचे नाट्य येथेही आहे. साधूंची नजर गरिबापर्यंत पोहोचते. कचेरीच्या खिडकीपाशी मात्र ती फारशी रेंगाळत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) रेंगाळते. ती राजकीय कादंबरी म्हणून आपण वाचत नाही, हा आम्हां टीकाकारांचा आळस. संस्थानी सरकारचा हुकूम मास्तराला वाडीत पाठवतो. पण हुकमाने शाळा भरत नाही. पोरे मेंढरांमागे असतात. म्हातारा कारभारी मनावर घेतो तेव्हा ती येऊ लागतात. चोळी शिवून आणण्यापर्यंतची कामे मास्तराच्या गळ्यात पडतात, कारण बाहेरच्या जगाशी बोलू शकणारा तेवढाच माणूस वाडीला हाताशी असतो. आणि शेवटी दुष्काळाने वाडीच उठून जाते. शाळेचे मग काय उरणार?

२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवेला मुदत घातली, अपिलाची वाट दिली. चांगलेच झाले. कारभारी मात्र कायद्याच्या कलमात कधीच नव्हता. तो गावात होता, आणि आजही निराळ्या पोशाखात आहे. त्याच्या शब्दाने कोणता अर्ज हलतो, कोणता पडून राहतो, हे कशेळीसारख्या गावातून लिहिणारा कोणी मला अजून भेटलेला नाही.

सूनबाईंना ‘बनगरवाडी’ देऊन आलो. ‘सिंहासन’ त्यांनी अर्ध्यावर ठेवले आहे. तेही पुरे करा, असे सांगितले आहे.