तात्पर्याच्या अलीकडची कथा : ख्रिस्ती बोधकथेच्या रूपबंधाविषयी

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना आपल्या समीक्षेची दृष्टी बहुधा दोन शिखरांवर खिळून राहते. एक म्हणजे १६१६ मध्ये छापले गेलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ आणि दुसरे म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. या दोहोंच्या मध्ये एक विस्तीर्ण सपाट प्रदेश आहे आणि तो सपाट असल्यामुळेच दुर्लक्षित राहिला आहे. हा प्रदेश एक-दोन पानांच्या बोधकथांचा आहे. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेले ‘ज्ञानोदय’, मुलांसाठी निघालेला ‘बालबोधमेवा’, मिशनांच्या छापखान्यांतून बाहेर पडलेल्या असंख्य पुस्तिका आणि रविवारच्या शाळांसाठी तयार झालेली पाठमाला यांतून ही कथा मराठी घरांत पोचली. आजही ती लिहिली जाते, वाचली जाते, प्रार्थनेनंतर सांगितली जाते. ‘प्रचारकी’ हे एक विशेषण लावून समीक्षेने तिचा प्रश्न निकालात काढला आहे. परंतु प्रचार हा हेतूविषयीचा निर्णय झाला. रूपाविषयी त्यातून काहीच कळत नाही. प्रस्तुत लेखात हेतूचा प्रश्न बाजूला ठेवून रूपबंधाचा विचार करावयाचा आहे.

या कथेचा सांगाडा परिचित आहे. एखाद्या कुटुंबात कलह असतो, कोणाला वाटेत पैशांचे पाकीट सापडते, कोणी मूल अंथरुणाला खिळलेले असते. मधल्या परिच्छेदात कोणीतरी अनपेक्षितपणे क्षमा करते, परत देते किंवा त्याग करते. मग कथा थांबते आणि निवेदक आवाज बदलून वाचकाला उद्देशून बोलू लागतो : यावरून आपण काय शिकतो? शेवटी शास्त्रातील एखादे वचन येते. या शेवटच्या भागाला आपण ‘तात्पर्य’ म्हणू. कथेतील प्रत्येक तपशील या तात्पर्याच्या दिशेने निवडलेला असतो आणि त्याला अडथळा करील असा तपशील आधीच वगळलेला असतो. म्हणून कथा संपते तेव्हा वाचकाजवळ तात्पर्य राहते. कथा राहत नाही.

हा रूपबंध ख्रिस्ती परंपरेतून अपरिहार्यपणे आला, असा समज आहे. तो तपासून पाहण्यासारखा आहे. कारण ज्या शुभवर्तमानांचा आधार ही कथा घेते त्यांतील दाखल्यांची रचना निराळी आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला घ्या. धाकटा मुलगा परत येतो, घरात मेजवानी सुरू होते आणि थोरला मुलगा बाहेर उभा राहतो. बाप त्याची समजूत घालण्यासाठी बाहेर येतो. यानंतर थोरला आत गेला की नाही, हे सांगितलेले नाही. ऐकणाऱ्याला त्याच्याबरोबर अंगणातच उभे राहावे लागते. शोमरोन्याच्या दाखल्यात तर शास्त्र्याने विचारलेला प्रश्नच पालटला जातो. माझा शेजारी कोण, असे त्याने विचारलेले असते. कथेच्या शेवटी त्यालाच विचारले जाते, की त्या तिघांपैकी शेजारी कोण झाला? तात्पर्य काढण्याचे काम श्रोत्यावर सोपवलेले आहे.

मात्र शुभवर्तमानांतही सर्वत्र असे नाही. पेरणाऱ्याच्या दाखल्याला मार्कच्या चौथ्या अध्यायात सविस्तर स्पष्टीकरण जोडलेले आढळते : वाट म्हणजे अमुक, खडकाळ जमीन म्हणजे तमुक. जर्मन अभ्यासक अ‍ॅडॉल्फ यूलिखर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखला आणि रूपक यांत भेद केला आणि अशी स्पष्टीकरणे पुढच्या पिढ्यांनी जोडलेली असावीत, असे मत मांडले. पुढे सी. एच. डॉड यांनी १९३५ मध्ये दाखल्यांचा विचार त्यांच्या मूळ प्रसंगाच्या संदर्भात केला. या वादाच्या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की कथा आणि तिचे स्पष्टीकरण यांतील सांधा शुभवर्तमानांतच दिसतो आणि बोधकथेने त्यांतील दुसरा घटक उचलून पहिल्याला त्याच्या सेवेस लावले.

मराठी वाचकाला हा सांधा परका नाही. आमच्या आष्टीहून वर्धा नदी ओलांडली, की अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तेथील महानुभावीय परंपरेतच मराठी गद्यातील दृष्टांताचा पहिला मोठा संग्रह, केसोबासांचा ‘दृष्टांतपाठ’, उभा राहिला. त्यातील ११४ दृष्टांतांची रचना त्रिपदरी आहे : आधी चक्रधरांचे सूत्र, मग त्यांनीच सांगितलेला दृष्टांत आणि शेवटी केसोबासांनी लिहिलेले दार्ष्टांतिक. म्हणजे तात्पर्य येथेही आहे. पण ते कोणाचे आहे हे लपवलेले नाही. हत्ती आणि आंधळे यांची गोष्ट चक्रधरांची आणि तिचा पंथीय तत्त्वज्ञानाशी लावलेला संबंध केसोबासांचा, हे वाचक जाणतो. दार्ष्टांतिक न पटले तरी दृष्टांत उरतो. बोधकथेतील निवेदक मात्र गोष्टही सांगतो आणि तिचा अर्थही ठरवतो, आणि दोन्ही एकाच अधिकाराने. त्यामुळे अर्थ नाकारायचा तर गोष्टच नाकारावी लागते. वैगुण्य तात्पर्य असण्यात नाही. सांधा पुसून टाकण्यात आहे.

हा केवळ रचनेचा प्रश्न नाही, हे मला वर्गात कळले. काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गात लघुकथेची पूर्वपीठिका शिकवताना मी मत्तयच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला सांगितला. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, एक दीनार ठरवतो. पुन्हा नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाच वाजताही तो बाजारात उभ्या असलेल्यांना कामावर घेतो. संध्याकाळी सर्वांना सारखाच एक दीनार मिळतो आणि पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. या दाखल्यावर आधारलेल्या ज्या बोधकथा मी वाचल्या आहेत, त्यांचे तात्पर्य साधारणतः एकच असते : दुसऱ्याच्या वाट्याचा हेवा करू नये, देवाची कृपा सर्वांवर सारखी आहे.

आमचा भाग संत्र्याचा. वर्गातील निम्मी मुले आंबिया बहाराच्या तोडीला रोजीने गेलेली. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, मंग दुसऱ्या दिशी पहाटे सहाले कोन येईन?” वर्ग हसला. हसू ओसरल्यावर दुसरा एक मुलगा, तिच्याकडे न पाहता, म्हणाला, “पन संध्याकायपावतर त्यायले कोनं बलावलंच नाही. त्यायचा का गुना?” पुढला पाऊण तास मला फारसे बोलावे लागले नाही. ठरल्याप्रमाणे मजुरी दिली तर अन्याय कोणता, इथपासून, माझ्या पैशाचे मी वाटेल ते करीन असे मालक म्हणतो तेव्हा ते औदार्य की मालकीचा तोरा, इथपर्यंत चर्चा गेली. दीनार म्हणजे त्या काळी मजुराच्या एका दिवसाचे पोट, ही माहिती मी पुरवली तेव्हा एकाने रोजगार हमीच्या मोजमापाचा विषय काढला : तिथे खोदलेल्या मातीवर दाम ठरतो, घरात खाणारी तोंडे किती यावर नाही.

त्या तासाला मला बोधकथेच्या तात्पर्याचे खरे स्वरूप दिसले. ‘हेवा करू नये’ हे वाक्य त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर नाही; तो प्रश्न उच्चारला जाऊ नये यासाठी केलेली व्यवस्था आहे. देवाच्या कृपेविषयीचा एक धाडसी दृष्टांत या तात्पर्यामुळे मजुराला समाधानी राहण्याचा उपदेश होऊन बसतो आणि तो उपदेश कोणाच्या सोयीचा आहे हे सांगावयास नको. गंमत अशी, की मत्तयमध्येही या दाखल्याच्या शेवटी शेवटचे पहिले आणि पहिले शेवटचे होतील अशा आशयाचे वाक्य येते. कथा मात्र क्रम उलटण्याविषयी नसून सारख्या वाटपाविषयी आहे. जोडलेले तात्पर्य मूळ ग्रंथातही कथेच्या अंगाला नीट बसलेले नाही.

तात्पर्याने बंद न झालेली कथा कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरण शोधण्यासाठी आम्हा वर्धेकरांना दूर जावे लागत नाही. इंग्रज लेखक जॉन रस्किन याने १८६० मध्ये अर्थशास्त्रावर चार निबंध लिहिले आणि त्यांचे शीर्षक याच दाखल्यातील धन्याच्या तोंडच्या शब्दांतून घेतले : ‘अन्टू धिस लास्ट’. त्याने कृपेचा प्रश्न मजुरीचा केला. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी ते पुस्तक आगगाडीत वाचले आणि १९०८ मध्ये त्याचे सार गुजरातीत ‘सर्वोदय’ या नावाने लिहिले. वकिलाच्या कामाचे आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच, हा त्यांनी घेतलेला अर्थ. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहावयास आले. त्याआधी १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्यातच, मगनवाडीत, सुरू झाले होते. त्याची धुरा वाहणारे जे. सी. कुमारप्पा हे तमिळ ख्रिस्ती घराण्यातील अर्थशास्त्रज्ञ. येशूच्या आचार-उपदेशावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. द्राक्षमळ्याची गोष्ट अशी पॅलेस्टाइनमधून निघून इंग्लंड, दक्षिण आफ्रिका असा प्रवास करीत आमच्या जिल्ह्यात आली. वाटेत प्रत्येकाने तिला आपले दार्ष्टांतिक जोडले. पण ते आपल्या नावावर जोडले. हेवा करू नये, एवढ्यावरच ती संपली असती तर रस्किनला तिच्यात अर्थशास्त्र सापडले नसते.

यावर एक आक्षेप संभवतो. बोधकथा ही साध्या वाचकासाठी असते. त्याला अर्थ उलगडून सांगितला नाही तर तो चाचपडेल. हा आक्षेप सहृदयतेतून येतो, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. परंतु ‘साधा वाचक’ ही संकल्पनाच येथे तपासावी लागते. चक्रधरांचे श्रोते विद्वान नव्हते. कित्येक तर बायाबापड्या होत्या. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचा ध्यास घेतला, तो अल्पशिक्षित स्त्रियांना ते स्वतः वाचता यावे यासाठी. भाषा सोपी करणे आणि अर्थ आकुंचित करणे या दोन गोष्टी त्यांनी एक मानल्या नाहीत. साध्या वाचकाला कठीण शब्द अडवतो. कठीण प्रश्न अडवीलच असे नाही. तो प्रश्न त्याच्याजवळ पुष्कळदा आधीपासूनच असतो.

मराठी ख्रिस्ती गद्यात या सांध्याची जाण नव्हती, असेही म्हणता येणार नाही. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’चा (१८५७) शेवट धर्मांतर आणि पुनर्विवाह यांत होतो, तो लेखकाने ठरवलेला बोध आहे. पण यमुना आणि विनायकराव यांना प्रवासात ज्या विधवा भेटतात त्यांच्या कहाण्या या बोधात मावत नाहीत. ग्रंथ मिटल्यावर मनात राहतात त्या विधवाच. ‘स्मृतिचित्रे’त तर लक्ष्मीबाई याच्याही पुढे जातात. संसाराचे गणित न जुळणारे टिळक, त्यांचे धर्मांतर, ताटातूट आणि स्वतःच्या मनातला सोवळ्याओवळ्याचा पीळ सुटत जाणे हे सारे बोधकथेला हवे तसे साहित्य होते. कोणत्याही पुस्तिकेने त्यातून डझनभर तात्पर्ये काढली असती. लक्ष्मीबाई प्रसंग सांगतात, स्वतःला हसतात आणि पुढच्या प्रसंगाकडे वळतात. ख्रिस्ती मराठीतील हे सर्वांत परिणामकारक नीतिपर लेखन उपदेशाचा सूर न लावता झाले, ही गोष्ट बोधकथाकारांनी मनावर घ्यावी अशी आहे.

तेव्हा या कथेचा दर्जा उंचावण्यासाठी तिने आपली श्रद्धा सोडली पाहिजे, अशी मागणी समीक्षेने करू नये. श्रद्धेपोटी लिहिणाऱ्याला ते शक्य नाही आणि आवश्यकही नाही. मागणी एवढीच असावी, की तात्पर्य लिहायचे असेल तर ते केसोबासांप्रमाणे उघडपणे, कथेपासून वेगळे आणि आपल्या जबाबदारीवर लिहावे. आणि त्याआधी कथेत त्या तात्पर्याला न जुमानणारा एक तरी माणूस राहू द्यावा. अंगणात उभा राहिलेला थोरला भाऊ असा आहे. पहाटेपासून उन्हात राबलेला मजूरही असाच आहे. शुभवर्तमानकारांनी त्यांची तक्रार त्यांच्याच तोंडून पूर्णपणे ऐकवली आहे. तिला उत्तर मिळते, पण ती पुसली जात नाही.

माझ्या वर्गातील त्या मुलीला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. तास संपल्यावर ती मैत्रिणीला सांगत होती, की येत्या तोडीला आपण मालकाला आधीच विचारून घेऊ. नेमके काय विचारणार होती ते मला ऐकू आले नाही. दाखला मात्र तिच्याबरोबर वर्गाबाहेर पडला होता.