सांधा नसलेलं छायाचित्र

शिकागो अँड अ‍ॅल्टन रेल्वेला १९०० साली आपल्या नव्या गाडीचा फोटो हवा होता. अख्ख्या गाडीचा, आणि तोही एकाच काचेवर. तुकड्यातुकड्यांनी फोटो काढून जोडता आले असते, पण जोडकामात डब्यांच्या रेषा सांध्यापाशी मोडतात, गाडी आहे तशी दिसत नाही. जॉर्ज लॉरेन्स या छायाचित्रकाराने मग साडेचार बाय आठ फुटांची काच मावेल असा कॅमेराच बांधून घेतला. काचेच्या चौकटीसकट त्याचं वजन १,४०० पौंड, म्हणजे सहाशे किलोंहून जास्त, आणि तो हाताळायला पंधरा माणसं लागत. काचेवर धुळीचा कण राहिला तर चित्रात डाग पडणार, म्हणून एक माणूस पुढच्या बाजूने चक्क कॅमेऱ्याच्या पोटात शिरून मऊ ब्रशने काच झाडून घ्यायचा. एक्स्पोजर अडीच मिनिटांचं. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात हे प्रिंट गेले तेव्हा आयोजकांचा एवढ्या मोठ्या प्लेटवर विश्वासच बसेना. खात्री करून घ्यायला फ्रेंच वकिलातीतला अधिकारी शिकागोला पाठवावा लागला.

अवाढव्य कॅमेऱ्यांच्या आजवरच्या वाटचालीकडे बघताना मला हीच अट सगळ्यात मोलाची वाटते: चित्रात सांधा नको. किती पिक्सेल, किती फूट, कुठला विक्रम, ही मोजमापं त्यानंतरची. आज या कलेचं जे काही बरं आणि वाईट चाललं आहे, ते या अटीचं आपण काय केलं यावर ठरलं आहे.

एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. निगेटिव्ह जितकी मोठी, तितकी लांब फोकल लेंग्थची लेन्स लागते. आणि लेन्स लांब झाली की जवळचं आणि दूरचं एकाच वेळी स्पष्ट येणं अवघड होतं. त्यावर उपाय म्हणून अ‍ॅपर्चर बारीक करावं, तर प्रकाश पसरतो. एफ/६४ ला एक प्रकाशबिंदू फिल्मवर साधारण दशांश मिलिमीटरचा ठिपका होतो. मग एवढ्या मोठ्या फिल्मचा फायदा भराभर आटतो. अ‍ॅपर्चर उघडं ठेवायचं तर सगळं दृश्य दूर हवं, शिवाय फिल्म केसाइतकीही वाकून चालत नाही. या कॅमेऱ्यांतून डोंगर, शहरं आणि क्षितिजं इतकी का दिसतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे. विषयाची निवड बऱ्याचदा प्रकाशशास्त्र करतं आणि श्रेय कलावंताच्या दृष्टीला मिळतं.

न्यूयॉर्कचा क्लिफर्ड रॉस या अडचणीतून आपलं चित्र काढू शकला, म्हणून तो मला या सगळ्यांत मोठा वाटतो. कोलोरॅडोतला माउंट सोप्रिस हा पर्वत त्याच्या मनात बसला आणि हाताशी असलेल्या कॅमेऱ्यांत तो मावेना. त्याने जुन्या लष्करी हवाई कॅमेऱ्याचे भाग घेऊन ‘आर-१’ नावाचा कॅमेरा जुळवला. फिल्म ९ बाय १८ इंचांची, ती सपाट राहावी म्हणून मागून निर्वात ओढ. अशी निगेटिव्ह इंचाला ४,००० ठिपक्यांनी स्कॅन केली तर अडीच अब्जांहून अधिक पिक्सेल होतात. त्या ‘माउंटन’ मालिकेतल्या भिंतभर प्रिंटवर सुमारे ४,००० फुटांवरच्या गोठ्याच्या छपरावरची लाकडी कौलं सुटी सुटी दिसतात.

पण कौलं मोजता येतात म्हणून चित्र थोर होत नाही. लांबून पाहिलं तर तो एक शांत, जवळजवळ जुन्या वळणाचा निसर्गदेखावा आहे. जवळ जावं तसं गवत, कुंपण, छप्पर पुढे येतं, आणि कुठेही चित्र फुटून ठिपके होत नाहीत. डोंगरासमोर उभं राहिल्यावर आपण जसं कधी शिखर, कधी पायाजवळचं झुडूप बघतो, तसं बघायची मोकळीक हे चित्र देतं. आणि ढगाची सावली, गवताची लवण, पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं एकाच क्षणाचं आहे. तपशील इथे त्या क्षणाचा पुरावा म्हणून येतो.

त्याच सुमाराला ग्रॅहम फ्लिंट या भौतिकशास्त्रज्ञाने तेवढ्याच फिल्मवर, स्वतः आखलेल्या लेन्सने अमेरिकेची दृश्यं टिपली. यंत्र म्हणून त्याचं काम रॉसच्या कामाहून काकणभर सरस असेल. चित्रं मात्र बरीचशी पिक्चर पोस्टकार्डाच्या जातीची; दूरची पाटी वाचता आली की बघणाऱ्याचं काम संपतं.

मग डिजिटल जोडकाम आलं. नासा आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कामातून निघालेल्या गिगापॅन या यंत्राने साधा कॅमेराही रांगेने फिरून शेकडो फोटो काढू लागला. २० जानेवारी २००९ रोजी ओबामांच्या शपथविधीचं डेव्हिड बर्गमनने केलेलं चित्र २२० फोटोंचं, १,४७४ मेगापिक्सेलचं, आणि कॅमेरा खिशात मावावा असा. जगभर लोकांनी त्यात चेहरे शोधले. एवढ्या जनसागराचं असं दस्तावेजीकरण पूर्वी शक्यच नव्हतं, त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण त्या चित्रात ‘तो क्षण’ कुठे आहे? डावीकडचा माणूस आणि उजवीकडचा माणूस वेगवेगळ्या मिनिटांतले. अशा जोडचित्रांत चालता माणूस दोनदा उमटतो किंवा कमरेपासून तुटतो. लॉरेन्सला टाळायचा होता तो सांधा परत आला. आता तो जागेत दिसत नाही, वेळेत लपलेला असतो.

जिथे काहीच हलत नाही तिथे मात्र जोडकामाला तोड नाही. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चं २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेलं चित्र ८,४३९ फोटोंचं, ७१७ गिगापिक्सेलचं आहे. एक पिक्सेल म्हणजे चित्राचे ५ मायक्रोमीटर. रंगातल्या भेगा, रंगद्रव्याचे कण घरबसल्या दिसतात. हे काम निर्विवाद मोठं आहे, आणि निव्वळ आकड्यांच्या शर्यतीत मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याचा निकालही त्याने लावून टाकला.

त्याआधीच काहींनी या शर्यतीऐवजी आकारालाच विषय केलं होतं. कॅलिफोर्नियात एल टोरोच्या बंद झालेल्या लष्करी विमानतळावर २००६ साली सहा छायाचित्रकारांनी विमानाच्या हँगरचाच पिनहोल कॅमेरा केला. कापडावर हाताने इमल्शन लावून १११ फूट रुंद, ३२ फूट उंच निगेटिव्ह घेतली. एक्स्पोजर ३५ मिनिटांचं. डेव्हलप करायला ऑलिंपिक जलतरण तलावाएवढी ताटली. या उद्योगातली मेहनत आणि एकत्र काम करण्याची जिद्द मला भावते. चित्रात मात्र धावपट्टी, टॉवर आणि मागचे डोंगर धूसर दिसतात आणि विमानतळाबद्दल फारसं काही कळत नाही. ते विक्रम म्हणून लक्षात राहतं.

याच्या नेमकं उलट उदाहरण म्हणजे पोलरॉइडचा २० बाय २४ इंचांचा कॅमेरा. १९७६ पासूनचा, शंभर किलोंच्या वर, आणि असे मोजकेच बनले. दीड मिनिटाच्या आत प्रिंट सोलून हातात. एल्सा डॉर्फमन मॅसॅच्युसेट्सच्या केम्ब्रिजमध्ये त्यावर साध्या कुटुंबांचे फोटो काढायची. बैठकीत दोन चित्रं. गिऱ्हाइकाने एक निवडायचं, नाकारलेलं तिच्याकडे राहायचं. एन्लार्जमेंट नाही, स्कॅन नाही. त्वचा, स्वेटरची वीण, ओशाळलेलं हसू थेट कागदावर. पण पोलरॉइडने २००८ मध्ये झटपट फिल्मचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि हा कॅमेरा उरलेल्या साठ्यावर जगू लागला. लाकूड, भाता, लेन्स कुणीही जमवील. फिल्म घरी होत नाही. रॉसचीही वाट बदलली. २०१५ मध्ये मास मोका संग्रहालयात त्याने तोच सोप्रिस कच्च्या लाकडावर ११४ फूट लांब छापला, तेव्हा तपशिलाच्या जागी लाकडाच्या रेषा आल्या होत्या. मला ती माघार वाटत नाही. नुसत्या स्पष्टतेतून जे मिळायचं ते मिळवून तो पुढे गेला.

मग एका क्षणात, एकाच पटावर एवढा तपशील आज कोण टिपू शकतं? ९ बाय ११ इंचांचा डिजिटल सेन्सर बनला आहे, पण त्यात फक्त १२ मेगापिक्सेल. चिलीतल्या रुबिन वेधशाळेचा ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा जवळजवळ तीन टनांचा, पण तो आकाशासाठी, आणि त्यातही १८९ सेन्सर शेजारी शेजारी बसवलेले. सगळ्यात जवळ पोचलेला कॅमेरा लास वेगसच्या ‘स्फिअर’ या घुमटासाठी बांधला गेला. ‘बिग स्काय’ हे त्याचं नाव. एकच सेन्सर, सुमारे तीन इंचांचा चौरस, ३१६ मेगापिक्सेल, सेकंदाला १२० फ्रेमपर्यंत. २०२३ साली डॅरेन अ‍ॅरोनोफ्स्कीचा ‘पोस्टकार्ड फ्रॉम अर्थ’ त्यावर चित्रित झाला. रॉसच्या एका निगेटिव्हच्या स्कॅनचा हा जेमतेम आठवा हिस्सा, पण इथे पान हलतं, हत्ती चालतो, आणि प्रत्येक फ्रेम अखंड असते.

माझी तक्रार अशी, की हा कॅमेरा एका कंपनीचा आहे आणि एका पडद्यासाठी आहे. रॉस भंगारातल्या लष्करी सुट्या भागांतून आपला कॅमेरा बांधू शकला, कारण फिल्म कुणालाही विकत मिळत होती. सेन्सरचं तसं नाही. संग्रहालयांनी आणि कलाशाळांनी एकत्र येऊन असा एखादा कॅमेरा घ्यावा आणि वर्षाला दोन-तीन छायाचित्रकारांच्या हाती द्यावा. बाजाराचा दिवस, बंदरावरची पहाट, मोर्चा असे विषय त्यांना निवडू द्यावेत, जिथे प्रत्येक जण हलतो आहे आणि जोडकाम हमखास फसतं. माणसांनी भरलेला असा एकच क्षण रॉसच्या डोंगराइतक्या तपशिलात अजून कुणी टिपलेला मी पाहिलेला नाही.