मुक्तीनंतरचा हिशेब

महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील दास्य नष्ट करण्यासाठी झटलेल्या तेथील सज्जनांना अर्पण केली, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. पण ते दास मुक्त झाल्यावर कसे राबले, कसे राहिले, याची चौकशी आपण क्वचितच करतो. ती करावयाची तर दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, असे मी सुचवीन : बुकर टी. वॉशिंग्टन यांचे ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ (१९०१) आणि डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचे ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ (१९०३).

वॉशिंग्टन दास्यातच जन्मले. मुक्तीनंतर कोवळ्या वयात त्यांना मिठाच्या भट्टीवर जावे लागले. सावत्र वडिलांच्या पिंपांवर १८ हा आकडा घालीत. पोराला पहिली ओळख झाली ती त्या आकड्याची. हे ते इतक्या साधेपणाने सांगतात की प्रसंग मनातून जात नाही. मात्र कष्ट करा, हुन्नर शिका, दिवस पालटतील, हा त्यांचा एकंदर सूर मला खोटा नव्हे, पण अपुरा वाटतो.

तो का अपुरा, हे डु बॉइस दाखवितात. ते स्वतः जन्मतः स्वतंत्र. पण जॉर्जियातील डॉहर्टी परगण्यात हिंडून ते कापूस पिकविणाऱ्यांच्या खोपटांत डोकावले. एका खोलीत अख्खे कुटुंब. खिडकीला काच नाही, भिंतीत लाकडी झडपेचे भोक. जमीन दुसऱ्याची, दाणागोटा उधारीचा, उभे पीक दुकानदाराकडे गहाण. १८९८ साली तेथील ३०० कुळांपैकी १७५ कुळे वर्षअखेर कर्जात होती, ५० कुळांच्या हाती काहीच उरले नाही आणि बाकीच्या ७५ कुळांना मिळून अवघे १,६०० डॉलर सुटले. या लोकांनी कष्टांत कसूर केली होती काय ?

डु बॉइस यांची भाषा कधी कधी फार अलंकृत होते, हा दोष मी मान्य करतो. पण असा हिशेब मांडताना ते अलंकार उतरवून ठेवतात. जनरल शर्मनने जानेवारी १८६५ मध्ये मुक्त कुटुंबांना ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला होता. अध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच वर्षी तो फिरविला. बेडी तुटली, पण पायाखाली जमीन आली नाही. सावकार आणि कूळ हे शब्द ज्याच्या घरात बोलले गेले आहेत, त्या वाचकाला याचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही.

वॉशिंग्टन मुलांच्या हाती जरूर द्यावेत. थोरांनी मात्र डु बॉइस वाचल्याशिवाय त्यांना उपदेश करू नये.