डावणी, हिरवा दिवा आणि एसईओचे सल्ले

दिवाळीच्या आसपास मामांचा फोन आला. "अगं, तू गूगलवरच पीएचडी करतेस ना? मग सांग, माझा दिवा लाल का दाखवतोय?"

आधी खुलासा. मी गूगलवर पीएचडी करत नाही. माझा विषय इन्फर्मेशन रिट्रीव्हल, म्हणजे मजकुराच्या ढिगातून विचारलेल्या प्रश्नाला उपयोगी पडेल ते शोधून काढण्याचं शास्त्र. घरी त्याचं भाषांतर 'गूगलवर पीएचडी' असं झालंय आणि मी ते दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

मामांची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. गेली काही वर्षं ते बागेबद्दल ब्लॉग लिहितात. छाटणीनंतर कितव्या दिवशी काय दिसलं, काय फवारलं, काय फसलं, सगळं. लिहिणं अगदी बोलल्यासारखं. यंदा कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी पैसे भरून एसईओचा, म्हणजे सर्च इंजिनमध्ये वर कसं यायचं याचा, ऑनलाइन कोर्स केला. त्याबरोबर एक साधन मिळालं. लेख लिहिताना शेजारी दिवा लागतो: लाल, पिवळा, हिरवा. आणि मामा सगळे जुने लेख हिरवे करायच्या मागे लागले होते.

आधीचं त्यांचं एक वाक्य असं होतं: "रात्री पाऊस झाला, पहाटे दव होतं, आता खालची पानं उलटून बघा, डावणीचा पहिला डाग तिथंच गवसतो." दुरुस्तीनंतरचं: "डावणी म्हणजे काय? डावणी उपाय शोधत असाल तर डावणी बद्दल संपूर्ण माहिती या डावणी लेखात मिळेल."

दिवा हिरवा झाला होता. पान उलटून बघायला सांगणारं वाक्य गेलं होतं.

तेव्हापासून मी असे सल्ले जमवून वाचतेय. तुम्हीही वाचले असतील: 'गूगलवर पहिल्या पानावर येण्याचे दहा मार्ग' छापाचे. त्यातले तीन आज इथे तपासू.

सल्ला पहिला: कीवर्ड दोन-तीन टक्के वेळा यायलाच हवा

याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. एखादा शब्द लेखात पुन्हापुन्हा येत असेल तर लेख त्या विषयावर असण्याची शक्यता जास्त. पण सगळे शब्द सारखे नसतात. १९७२ मध्ये कॅरन स्पार्क जोन्स यांनी दाखवलं, की जो शब्द कमी लेखांत सापडतो त्याला जास्त वजन द्यायला हवं. 'आहे' शंभरदा आला तरी काही कळत नाही, 'डावणी' एकदा आला तरी बरंच कळतं.

पुढची पायरी आली १९९४ च्या सुमारास, लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या ओकापी प्रकल्पातून. बीएम-२५ हे तिथलं सूत्र आजही आमच्या क्षेत्रात तुलनेसाठी वापरतात. त्यात शब्दाच्या पुनरावृत्तीला मर्यादा आहे. लेखाची लांबी बाजूला ठेवून आणि सूत्रातला एक स्थिरांक नेहमीसारखा १.२ धरून हिशोब करू. शब्द एकदा आला तर गुण १. पाचदा आला तर १.७७. दहादा आला तर १.९६. वीसदा आला तर २.०८. कितीही वेळा लिहा, २.२ च्या पुढे जाणार नाही. म्हणजे दहावरून वीसवर गेलात तर हाती लागतात ०.११ गुण, आणि वाचणाऱ्याच्या डोक्याला ताप तो वेगळा. शिवाय हे सूत्र लांब लेखाचे गुण कापतं, तेव्हा शब्द कोंबून लेख फुगवला तर तेही अंगावर येतं.

आजचं गूगल नुसत्या बीएम-२५ वर चालत नाही, मान्य. २०१९ पासून ते वाक्याचा संदर्भ समजून घेणारं बर्ट हे भाषा-मॉडेलही वापरतं. पण मग टक्केवारी मोजण्यात आणखीच अर्थ उरत नाही. सल्ला तीस वर्षांपूर्वीच शिळा झाला होता.

मराठीत हे आणखी बिघडतं

मामांचा दिवा लाल का होता? लेखात 'डावणी' हा शब्द तसाच्या तसा दोनदाच होता. 'डावणीचा', 'डावणीवर', 'डावणीसाठी', 'डावणीनं' हे मिळून चौदा वेळा. साधनाला हे वेगळे शब्द वाटत होते. इंग्रजीच्या मापाचा सदरा आपल्या अंगावर चढवला की असं होतं.

मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात आणि बरेचदा मूळ शब्दही बदलतो: घोडा, घोड्याला, घोड्यावरून. शोधयंत्राला हे सोलता यावं लागतं. आम्ही त्याला स्टेमिंग म्हणतो. २००८ मध्ये 'फायर' या भारतीय भाषांसाठीच्या संशोधन-उपक्रमात हिंदी, बंगाली आणि मराठी बातम्यांचा संग्रह चाचण्यांसाठी खुला झाला. त्यावर लिलियाना डोलामिक आणि जाक सावोय यांनी प्रयोग केले. मराठीत प्रत्यय नीट सोलले तर, अजिबात न सोलण्याच्या तुलनेत, निकालांचा दर्जा सुमारे ४२ टक्क्यांनी सुधारला. हिंदीत सुमारे २८, बंगालीत सुमारे १८. तिघींमध्ये मराठीला याची गरज सर्वांत जास्त.

मामांच्या साधनात ही सोय नव्हती. मग लिहिणारा काय करतो? प्रत्ययच तोडतो. 'डावणीबद्दल'चं 'डावणी बद्दल', 'बागेमध्ये'चं 'बाग मध्ये'. वर यायच्या हव्यासापायी लिहिलेल्या मराठी पानांवर हे तुटके शब्द तुम्हीही बघितले असतील. आपण त्याला अशुद्धलेखन म्हणून नाक मुरडतो. पण त्यातलं काही तरी असंच, यंत्राला मोजता यावं म्हणून जाणूनबुजून केलेलं असणार. यंत्राला मराठी येत नाही म्हणून माणसानं मराठी मोडायची, हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

सल्ला दुसरा: लेख किमान दीड हजार शब्दांचा हवा

याला पुरावा म्हणून आकडे दाखवतात: पहिल्या पानावरच्या लेखांची सरासरी लांबी इतकी इतकी. आता विचार करा. ही मोजणी फक्त वर आलेल्या पानांची. दीड हजार शब्द लिहूनही चाळिसाव्या पानावर पडलेले लेख कुणी मोजले? जे परत आले त्यांचीच विचारपूस करून 'प्रवास सुरक्षित आहे' म्हणण्यातला प्रकार आहे हा. शिवाय ज्या जुन्या, मोठ्या संस्थळांकडे भरपूर दुवे येतात त्यांचे लेखही बहुधा लांब असतात. मग वर येण्याचं कारण लांबी की दुवे? सरासरी हे सांगू शकत नाही. गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत तर स्पष्ट लिहिलंय, की शब्दसंख्येचा कुठलाही जादूई आकडा नाही.

सल्ला तिसरा: तुमचा स्कोअर वाढवा

'डोमेन अथॉरिटी' हा शब्द कोर्समध्ये सतत येतो. हा गुणांक मॉझ या खासगी कंपनीचा आहे, गूगलचा नाही. साधन म्हणून तो वापरायला हरकत नाही, पण ज्या आकड्याकडे गूगल बघतच नाही तो वाढवायला पैसे मोजताना एवढं तरी माहीत हवं. त्याच कोर्समध्ये पानाच्या कोडात कीवर्डची यादी घालायला एक अख्खा धडा होता. ही यादी आपण क्रमवारीसाठी वापरत नाही, असं गूगलनं सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलेलं आहे.

मग एसईओ खोटंच का?

इथे मला माझ्याच बाजूला अडचणीत टाकणारा अभ्यास सांगायला हवा. लाइपझिग आणि वायमारच्या संशोधकांनी वर्षभर गूगल, बिंग आणि डकडकगोवर वस्तूंच्या परीक्षणांचे ७,३९२ शोध पुन्हापुन्हा करून निकाल तपासले. २०२४ मध्ये तो निबंध आला. वर येणारी पानं सरासरीनं जास्त ऑप्टिमाइझ केलेली होती. म्हणजे बघा, हे सगळं काही अंशी चालतं! (अर्थात ही पण फक्त सांगड आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. दुसऱ्यांना लावलेला नियम मला इथेही लावायला हवा.)

पण त्याच अभ्यासात पुढे आहे, की त्या वरच्या पानांवर कमिशन मिळवून देणारे दुवे जास्त होते आणि मजकुराचा दर्जा कमी असल्याच्या खुणाही. गूगलनं बदल केले की काही काळ सुधारणा दिसायची, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

माझी तक्रार इथे आहे. हे सल्ले 'वर असलेल्या पानांसारखं कसं दिसायचं' याचं उत्तर देतात. विचारणाऱ्याला उत्तर मिळालं का, हा प्रश्न त्यांत कुठे नसतोच. शोधयंत्र काही खुणांवरून दर्जा ओळखायचा प्रयत्न करतं. सगळ्यांनी त्या खुणाच नकलायला घेतल्या की खुणा निकामी होतात. अर्थशास्त्रात याला गुडहार्टचा नियम म्हणून ओळखतात.

आता एआयच्या उत्तरांत आपलं नाव कसं येईल याचे सल्ले सुरू झालेत. त्यावर २०२४ च्या एका अभ्यासात, ज्यात आयआयटी दिल्लीचाही सहभाग होता, असं दिसलं की आकडे, अवतरणं आणि संदर्भ घातले तर दिसण्याचं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत वाढतं. कीवर्ड कोंबण्याचा तसा फायदा नाही. वाचायला छान. पण पुढचा कोर्स काय शिकवेल? 'प्रत्येक लेखात पाच आकडे घाला.' खरे की खोटे, ते कोण बघतंय!

मामांचं काय झालं

आम्ही एक शनिवार बसलो. काही गोष्टी ठेवल्या, कारण त्या वाचणाऱ्याच्याही सोयीच्या होत्या: मोबाईलवर पान लवकर उघडावं म्हणून फोटो लहान केले, 'इथे क्लिक करा'ऐवजी दुव्यावर विषय लिहिला. आणि शीर्षकं बदलली. या रोगाला बागेत डावणी म्हणतात, औषधाच्या दुकानात डाऊनी, आणि कृषी विभागाच्या पत्रकात केवडा. तिन्ही नावं शीर्षकात घातली, महिना आणि वर्षही घातलं. कुठल्या शेतकऱ्याच्या तोंडात कुठला शब्द असेल हे मामांना त्या साधनापेक्षा चांगलं माहीत होतं.

बाकी जुना मजकूर परत आणला. जवळपास सगळा. चार लेखांची जुनी प्रत त्यांनी ठेवलीच नव्हती, ते गेले. मामा म्हणाले, "परत लिहीन की." पण त्यातला एक गारपिटीच्या वर्षीचा होता. तो परत तसा कसा लिहिणार?

वाचक वाढले का, हे विचारू नका. एका ब्लॉगच्या आधी-नंतरवरून काही सिद्ध होत नाही, हेच तर वर एवढं सांगितलं.

तुम्हीही लिहीत असाल तर पुढचा सल्ला ऐकण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा आकडा कुणी मोजला आणि तो काय विकतो? हरलेली पानं मोजली होती का? आणि हे मराठीत तपासलंय का? शिवाय काहीही बदलण्याआधी जुन्या लेखाची प्रत ठेवा. हे मात्र कुठल्याही संशोधनाशिवाय सांगते.

पुढच्या वेळी 'स्टेमिंग'बद्दल सविस्तर. तोवर प्रश्न असतील तर जरूर विचारा.