सौम्यांचे वतन

नम्रता हा ख्रिस्ती जीवनाचा अलंकार होय, असे आपल्या व्यासपीठांवरून वारंवार सांगण्यात येते. त्याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, हा अलंकार कोणी कोणाच्या अंगावर घालावयाचा? मराठी मंडळ्यांतून नम्रतेचा उपदेश बहुधा वरून खाली येतो: वडिलांकडून तरुणांना, पुरुषांकडून स्त्रियांना, संस्थाचालकांकडून सेवकांना. ज्याच्या हाती अधिकार असतो त्याला तो क्वचितच ऐकावा लागतो. परिणामी सौम्य म्हणजे मुकाट आणि लीन म्हणजे लाचार, असा अर्थ नकळत रूढ होतो. हा अर्थ शास्त्राला धरून नाही, हे आम्ही येथे मांडू इच्छितो.

गिरिप्रवचनातील सौम्यांविषयीचे धन्यवचन ३७ व्या स्तोत्राच्या आधारावर उभे आहे. त्या स्तोत्रातील 'अनावीम' हा इब्री शब्द दडपल्या गेलेल्या, तरीही परमेश्वरावर भिस्त ठेवून उभ्या राहिलेल्या लोकांचा वाचक आहे. मत्तयाने योजिलेला ग्रीक शब्द 'प्राऊस' हा. त्याच्याशी संबंधित गुणाचे विवेचन करताना अॅरिस्टॉटलने त्याला अतिक्रोध आणि क्रोधाचा सर्वथा अभाव या दोहोंच्या मध्ये स्थान दिले होते. मराठीत मात्र औषध सौम्य असते, हवा सौम्य असते, शब्द सौम्य असतो. म्हणजे त्यांत तीव्रता नसते. शब्द गोड आहे, परंतु मूळ शब्दांतील ताठ कणा त्यात सहसा ऐकू येत नाही.

तो कणा पाहावयाचा तर मोशेकडे वळावे. गणना १२ मध्ये त्याला पृथ्वीवरील सर्व मनुष्यांहून नम्र म्हटले आहे. मिर्याम व अहरोन त्याच्यावर दोषारोप करीत असता तो स्वतःचा बचाव करीत नाही. उलट, मिर्यामेला कोड फुटल्यावर तिच्यासाठी देवाची विनवणी करतो. परंतु हाच मोशे दासांच्या सुटकेसाठी फारोपुढे पुनःपुन्हा उभा राहिला होता. स्वतःच्या मानाविषयी मौन आणि दुसऱ्याच्या दास्याविषयी वाणी, असे त्याच्या नम्रतेचे स्वरूप आहे. दुसरा गाल पुढे करावयास शिकविणाऱ्या प्रभूनेही, महायाजकापुढे एका शिपायाने चपराक मारली तेव्हा, हात उगारला नाही. पण मारण्याचे कारण मात्र विचारले. सौम्यता प्रश्न विचारू शकते.

आता धन्यवचनाचा उत्तरार्ध पाहू. आपल्या मराठी शास्त्रात सौम्यांना मिळणाऱ्या वाट्यासाठी 'वतन' हा शब्द आला आहे. या निवडीचे मोल व तिचा धोका, दोन्ही आपण पुरते ओळखलेले नाहीत. वतन म्हणजे केवळ जमीन नव्हे. त्यात पिढीजात हक्क आणि पिढीजात चाकरी दोन्ही आली. गावगाड्यात पाटील-कुळकर्ण्यांचे वतन मानाचे. महारवतनात मात्र तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात रात्रंदिवस राबणूक. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनाविषयीचे विधेयक मांडले. अशी कनिष्ठ ग्रामवतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. आपल्या मंडळ्यांतील कित्येक घराण्यांचे पूर्वज याच राबणुकीत होते. त्यांना 'मुकाट राहा, मग वतन मिळेल' असे सांगणे म्हणजे प्रभूच्या वचनाचे पुन्हा महारवतन करणे होय. पित्याने दिलेल्या वारशावर कोणा पाटलाची चाकरी लागू नसते.

सौम्यता आणि भूमी यांचा हा संबंध केवळ ग्रंथातला नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यावरील कॅसलरॉक हे रेल्वेस्थानक आज कर्नाटकाच्या जोयडा तालुक्यात आहे. १९५५ साली ते मुंबई राज्यात, पोर्तुगीज गोव्याच्या सरहद्दीवर होते. त्या वर्षी १५ ऑगस्ट रोजी देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही अनेक वाटांनी गोव्यात शिरले. कॅसलरॉक ही त्यांपैकी एक वाट. त्या दिवशी पोर्तुगीजांच्या गोळीबारात सरहद्दीवर वीसहून अधिक सत्याग्रही मृत्यू पावले. निःशस्त्र असलेला प्रत्येक जण अंतःकरणाने सौम्य असतो असे आम्ही म्हणत नाही. अंतःकरण देव जाणतो. परंतु सौम्य मनुष्य घरी बसतो, ही समजूत त्या सरहद्दीवर टिकत नाही.

यावर आक्षेप येईल की, गोवा अखेर डिसेंबर १९६१ मध्ये सैन्याने घेतला. मग सौम्यतेने काय साधले? आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. आमचे उत्तर इतकेच की, धन्यवचन हे जिंकण्याच्या युक्तीचे वर्णन नाही. तेथील क्रियापद वारशाने लाभण्याचे आहे, आणि वारसा केव्हा द्यावा हे पिता ठरवितो. सौम्यता यशस्वी ठरते म्हणून आचरावयाची नसून ख्रिस्त तसा आहे म्हणून आचरावयाची आहे.

कॅसलरॉकहून १८८८ साली सुरू झालेला लोहमार्ग घाट उतरून साष्टीत मडगावास जातो. त्याच साष्टीत, तीन शतकांपूर्वी, फादर स्टीफन्स यांनी दुसऱ्या प्रकारची लीनता दाखविली होती. १५७९ साली गोव्यास आलेला हा इंग्रज धर्मगुरू येथील भाषांचा विद्यार्थी झाला, आणि १६१६ साली राचोल येथे त्याचे मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. राज्यकर्त्यांच्या बाजूच्या मनुष्याने प्रजेच्या भाषेपुढे मस्तक लववावे, ही गोष्ट लहान नव्हे. तरीही त्या ग्रंथाची रचना पाहता शिष्य विचारतो आणि पाद्री सांगतो. पाद्रीने शिष्याला विचारावे असे तेथे घडत नाही. भाषेपुढे नमलेला लेखक भाषिकांपुढे पुरता नमला नाही, असे म्हणणे भाग आहे. त्याच्यामागील राजसत्ता तर मुळीच नमली नाही: १६८४ च्या फर्मानाने देशी भाषा तीन वर्षांत सोडून देण्याची आज्ञा झाली. एका व्यक्तीची लीनता संस्थेच्या अहंकाराला पुरी पडत नाही.

येथून आपल्या मंडळ्यांनी घ्यावयाचा बोध उघड आहे. वरच्या माडीत पंचा कमरेला बांधला तो गुरूने, शिष्यांनी नव्हे. म्हणून नम्रतेवरील पुढील उपदेश उपदेशकांनी प्रथम विश्वस्तांच्या आणि पंचांच्या सभेत करावा. ज्यांच्या सहीवाचून सेवकाचे वेतन निघत नाही आणि ज्यांना प्रश्न विचारण्यास मंडळी कचरते, त्यांच्यापुढे करावा. तो तेथे ऐकला गेला, तर मागच्या बाकांवर बसणाऱ्यांना तो निराळा सांगावा लागणार नाही.