यूएसबीच्या उरलेल्या दोन तारा

एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर, आर्डुइनो ऊनो हा बोर्ड आणि एक यूएसबी केबल. घरी केलेलं सर्किट कॉम्प्युटरला जोडायचं म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रयोग हाच असतो. माझाही हाच होता, आणि पुढे पीएचडी करताना मी तोच उचलून थेट लॅबमधल्या इनक्युबेटरवर लावला. आज तक्रार करायची आहे ती हे सर्किट ज्या पद्धतीने शिकवलं जातं त्याबद्दल.

आधी त्याचं चांगलं सांगते. ऊनोवर मोजणारी चिप वेगळी (एटीमेगा३२८पी) आणि यूएसबीशी बोलणारी वेगळी (एटीमेगा१६यू२). त्यामुळे कॉम्प्युटरला समोर साधा सिरियल पोर्ट दिसतो आणि यूएसबीच्या नियमांचं जाडजूड पुस्तक आपल्याला उघडावं लागत नाही. शिवाय यूएसबीवर डेटाच्या पॅकेटमधल्या चुका तपासल्या जातात. बोर्डाने पाठवलेला आकडा कॉम्प्युटरपर्यंत नीट पोचतो, यात शंका नाही.

पण आकडा नीट पोचला म्हणजे तो खरा असतो का?

केबलमध्ये तारा चार. दोन डेटाच्या, दोन विजेच्या. सगळं शिकवणं डेटाच्या तारांवर संपतं; विजेच्या तारांबद्दल एवढंच, की 'वेगळी बॅटरी लागत नाही, मस्त!' खरी गोम तिथेच आहे. ऊनो व्होल्टेज मोजतो म्हणजे काय करतो, तर सेन्सरच्या व्होल्टेजची एका संदर्भ व्होल्टेजशी तुलना करतो आणि ० ते १०२३ मधला एक आकडा देतो. आपण काही सांगितलं नाही तर हा संदर्भ म्हणजे यूएसबीतून आलेले '५ व्होल्ट'. हे ५ कधीच नेमके ५ नसतात. नियमाप्रमाणे चांगल्या पोर्टवरही ४.७५ ते ५.२५ चालतात, आणि कॉम्प्युटरकडूनच वीज घेणाऱ्या हबच्या पोर्टवर तर ४.४ सुद्धा.

आता हिशोब करून बघा. एलएम३५ एका अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ३० अंशांना ०.३ व्होल्ट. संदर्भ ५ असेल तर आकडा येतो ६१, म्हणजे २९.८ अंश. संदर्भ ४.७५ वर घसरला की तोच सेन्सर, तेच तापमान, पण आकडा ६४ आणि स्क्रीनवर ३१.२५ अंश! ते दशांश चिन्हानंतरचे दोन अंक तर निव्वळ शोभेचे, कारण इथे एक पायरीच जवळपास अर्ध्या अंशाची आहे. 'दहा रीडिंगची सरासरी घ्या' हा नेहमीचा सल्लाही इथे कामाचा नाही. सरासरीने थरथर कमी होते, पण सगळीच रीडिंग एका बाजूला सरकली असतील तर सरासरीही सरकलेलीच येणार.

माझ्याकडे नेमकं हेच झालं. रोज दुपारी इनक्युबेटर दीड अंश तापतोय असा सुंदर आलेख मिळाला, आणि प्रगती अहवालात त्यावर एक परिच्छेद लिहूनही झाला होता. मग एका दुपारी सहज आतला पाऱ्याचा थर्मामीटर बघितला. तो ढिम्म ३० वर. दुपारी बदलत होतं ते एवढंच, की शेजारचा मित्र बॅकअपसाठी त्याच हबला हार्डडिस्क लावत होता. (त्याला अजून हे सांगितलेलं नाही.)

आणि उपाय? कोडमधली एक ओळ. चिपच्या आत स्वतःचा १.१ व्होल्टचा संदर्भ असतो, तो निवडायचा. मग पायरी साधारण ०.१ अंशाची होते आणि यूएसबीचे ५ व्होल्ट थोडे हलले तरी आकडा हलत नाही. मात्र ते १.१ सुद्धा चिपनुसार १.० ते १.२ च्या मध्ये कुठेही असू शकतं, म्हणून एकदा मल्टीमीटरने बोर्डाच्या एआरईएफ पिनवर मोजून तो आकडा कोडमध्ये घालायचा. संदर्भ बदलल्यावरची पहिली काही रीडिंग टाकून द्यायची.

एवढी एक ओळ पहिल्याच धड्यात का नसते, हे मला खरंच कळत नाही. तो परिच्छेद मी अहवालातून काढला. आधीच्या नोंदी मात्र सुधारता येत नाहीत, कारण त्या वेळी पोर्टवर किती व्होल्ट होते हे कुठेच लिहिलेलं नाही. ती मोजमापं आता पुन्हा घेतेय.