मधला माणूस

सन 2018 मध्ये ‘नटसम्राट’ गुजराती पडद्यावर आला. दिग्दर्शक जयंत गिलाटर, प्रमुख भूमिकेत सिद्धार्थ रांदेरिया. सुरतेत आम्ही उभयतांनी तो पाहिला. आईजवळ शेजारच्या बेनला बसवून गेलो होतो. सभागृहात मराठी-गुजराती सारेच डोळे पुसत होते. मध्यंतर झाले आणि सौ. म्हणाली, “आईंच्या गोळीची वेळ झाली. बेनला फोन लावा.” पडद्यावरच्या मुलांना मनातल्या मनात शिव्या घालणाऱ्यांत मीही होतो. फोन लावताना थोडा ओशाळलो.

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ 1970 चे, जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ 1973 चे. या नाटकांनी मराठी प्रेक्षकाला रडवले आणि ते रडणे खोटे नव्हते. पण दोन्ही नाटककारांनी आपली खुर्ची म्हाताऱ्यांशेजारी मांडली आहे. अप्पा बेलवलकर मुलाकडून मुलीकडे आणि तिथून रस्त्यावर येतात; त्या दोन घरांत डबे कोण भरते, कामावर कोण किती वाजता निघते, याची चौकशी नाटक करत नाही. करण्याचे कारणही नाही. ‘किंग लिअर’च्या वळणाची ती शोकांतिका आहे. ‘संध्याछाया’तील नाना-नानींचा एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यदलात आणि तिथेच कामी येतो. एकीकडे कृतघ्न अपत्ये, दुसरीकडे दूरची. जो त्याच घरात राहतो, सोडूनही जात नाही आणि पुराही पडत नाही, तो मधला माणूस मला या दोन्ही थोर नाटकांत भेटला नाही. 2007 च्या कायद्यानेही प्रामुख्याने सांभाळ न करणाऱ्या अपत्यांचाच विचार केला आणि दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता ठरवला.

आमच्या उधना-लिंबायतमध्ये हा मधला माणूस गल्लोगल्ली आहे. ताप्ती लाइनने खानदेशातून आलेली ही घरे. वडील गेल्यावर आई गावाहून इथे येते, ती अहिराणी घेऊन. गुजरातीत ‘घरडां गाडां वाळे’ अशी म्हण आहे; अडलेली गाडी म्हातारी माणसेच वळवतात. त्याच भाषेत वृद्धाश्रमाला ‘घरडाघर’ म्हणतात. ‘आश्रम’ म्हटले की आपल्याला निदान पुण्याचा भास होतो. ‘घरडाघर’ सरळ सांगून टाकते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (2013) या चित्रपटात हा मधला माणूस मला प्रथम भेटला. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) रस्त्यात दिसलेल्या हत्तीमागे निघून जातात आणि मुलगी इरा (इरावती हर्षे) शोधत फिरते. इरा वाईट नाही. तिचे बापावर प्रेम आहे, त्याचा तिला वैतागही आहे, आणि दोन्ही एकाच चेहऱ्यावर दिसतात. हे मराठीत दुर्मीळच. शास्त्रीबुवांना सांभाळते ती माहुताची बायको चन्नम्मा. ती कन्नड बोलते. न्हाऊ-माखू घालते, घास भरवते आणि म्हातारा तिला आई म्हणू लागतो. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच. दुभाषी मुलखातल्या वाचकाला हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको. आमच्या आईला सांभाळणारी बाई डांगातली. दोघींची भाषा एक नाही, तरी तासन् तास बोलणे चालते.

माझी तक्रार मात्र इथेच आहे. चन्नम्माची माया अवचित मिळते आणि तिचा पगार ठरवावा लागत नाही. गरीब बाईच्या अंगी सेवा उपजतच असते, हा सुशिक्षितांचा सोयीचा समज चित्रपट पुरता मोडत नाही. आमची बाई बारा तासांच्या पाळीवर आहे. तिलाही घर आहे, सासू आहे. होळीला ती डांगात जाते, आणि त्याच सुमारास बोर्डाच्या परीक्षा असतात. इकडे मुख्याध्यापकाला आचार्य म्हणतात. पण परीक्षाकेंद्र सोडून आईला न्हाऊ घालायला जाण्याची मुभा आचार्यालाही नाही. यंदा घरात धाकटीची बारावीही होती.

कोणी लेखकाने ही सकाळ लिहावी. पावणेसात वाजलेले, आत म्हातारी हाका मारते आहे, मुलगी पेन शोधते आहे आणि कॅलेंडरसमोर नवरा-बायको उभी आहेत. तिथे मोठे स्वगत नको. “तुमच्या किती रजा उरल्यात?” एवढ्यावर पहिला अंक उभा राहील.